मेंदूची झाडलोट

गेल्या स्नेहसंमेलनास आपल्या शाळेचे एक जुने शिक्षक मुद्दाम बोलावण्यावरून आले होते. गणित शिकविण्यांत त्यांचा हातखंडा असे. आमच्यापैकीं पुष्कळांनीं त्यांच्या हातची छडी व शाबासकी दोन्ही घेतलीं आहेत. त्या दिवशीं व्यासपीठावर उभे राहून त्यांनीं चाळीस वर्षांपूर्वींच्या एका वर्गांतील मुलांचीं नांवें हजेरीपटाच्या क्रमानें घडाघड म्हणून दाखविलीं, तेव्हां सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला. परंतु पुढें चहाच्या वेळीं त्यांनीं शेजारीं बसलेल्या मुलास, "तूं कोणत्या इयत्तेंत आहेस ?" हा एकच प्रश्न अर्ध्या घटकेच्या आंत चार वेळां विचारला. चौथ्या वेळीं जवळपासचीं कांहीं मुलें हंसलीं. गुरुजींना तें कळलें कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं. पण त्यांच्या चिरंजिवांना तें कळलें, आणि त्यांचा चेहरा उतरला.

समारंभ आटोपल्यावर ते चिरंजीव आम्हांस भेटले. "बाबांना सौम्य बोधक्षीणता आहे असें डॉक्टर म्हणतात. मेंदूंत दररोज केर सांचतो, तो वाहून नेणारी एक व्यवस्था डोक्यांत असते, आणि ती नीट चालते कीं नाहीं याचें चित्र आतां काढतां येतें, असें मीं वाचलें. तसें चित्र बाबांचें काढवून घ्यावें काय ? त्यावरून पुढें काय होणार हें कळेल काय ?" असे दोन प्रश्न त्यांनीं केले. तत्काळ उत्तर देण्याइतकें आमचें ज्ञान नव्हतें. म्हणून वाचून व जाणत्यांस विचारून जें समजलें, तें या अंकाच्या द्वारें त्यांस व आमच्या वाचकांस सादर करीत आहों. गुरुजींची हकीकत त्यांच्या घरच्या मंडळींच्या संमतीनेंच दिली आहे.

प्रथम बोधक्षीणता म्हणजे काय तें पाहूं. वय वाढलें म्हणजे चष्मा कोठें ठेवला हें न आठवणें, ओळखीच्या माणसाचें नांव ओठांवर येऊन अडणें, या गोष्टी व्हावयाच्याच. थोड्या वेळानें नांव आठवतें व काम चालतें. यास रोग म्हणतां येत नाहीं. परंतु स्मरण, लक्ष, भाषा किंवा हिशेब यांपैकीं एखादी शक्ति त्या वयाच्या मानानें अधिक उणावली, ती उणीव घरच्यांच्या ध्यानांत येऊं लागली, आणि तरीहि मनुष्य आपले नित्याचे व्यवहार आपण करूं शकत असला, तर त्या स्थितीस सौम्य बोधक्षीणता म्हणतात. हे व्यवहारहि दुसऱ्याच्या आधारावांचून होईनासे झाले, म्हणजे स्मृतिभ्रंश हें नांव द्यावें लागतें. पहिल्या स्थितींतील प्रत्येक मनुष्य दुसरींत जातोच असें नाहीं. कित्येक वर्षानुवर्षें तेथेंच राहतात, व कित्येकांचें स्मरण सुधारतेंहि. चिरंजिवांच्या प्रश्नाचें मर्म हेंच, कीं आपले वडील यांपैकीं कोणत्या वाटेनें जाणार ?

स्मृतिभ्रंशाचीं कारणें अनेक आहेत; त्यांत सर्वांत अधिक आढळणारें म्हणजे अल्झायमरचा रोग होय. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं इ. स. १९०६ मध्यें ट्यूबिंगेन येथील सभेंत एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूचें वर्णन सादर केलें. त्या मेंदूंत पेशींच्या बाहेर एक प्रकारचे घट्ट ठिपके, व पेशींच्या आंत पीळ पडलेले तंतु त्यांस दिसले. ठिपके ज्या प्रथिनाचे बनतात त्यास आतां अमिलॉइड-बीटा, व तंतु ज्याचे बनतात त्यास टाउ म्हणतात. या रोगांत कानशिलाच्या पातळीवर, मेंदूच्या आंतल्या अंगास असलेल्या हिप्पोकॅम्पस नांवाच्या भागाची हानि आरंभींच होते. नवी आठवण टिपून ठेवण्याचें काम मुख्यतः या भागाचें. जुन्या व वारंवार उजळलेल्या आठवणींस त्याची तितकी गरज उरत नाहीं. गुरुजींना हाच रोग आहे असें कोणीं म्हटलेलें नाहीं. तथापि चाळीस वर्षांपूर्वींचा हजेरीपट शाबूत असावा आणि आतांच मिळालेलें उत्तर पुसलें जावें, हें कोडें यावरून कांहींसें उलगडतें. गुरुजी चौथ्यांदां विचारीत होते तें खोडीनें नव्हे कीं दुर्लक्षानें नव्हे; त्यांच्या लेखीं तो प्रश्न पहिलाच होता.

आतां येथें एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. अमिलॉइड-बीटा हें कांहीं बाहेरून आलेलें विष नव्हे. तें निरोगी मेंदूंतहि, तुमच्या आमच्या मेंदूंतहि, रात्रंदिवस उत्पन्न होत असतें. मग तें एकाच्या डोक्यांत सांचतें व दुसऱ्याच्या डोक्यांत सांचत नाहीं, असें कां ? अमेरिकेंतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं इ. स. २०१० मध्यें बारा रुग्ण व बारा निरोगी वृद्ध यांची तुलना केली. दोघांच्या मेंदूंत हें प्रथिन उत्पन्न होण्याचा वेग सारखाच आढळला. परंतु तें बाहेर जाण्याचा वेग रुग्णांत सुमारें ३० टक्क्यांनीं मंद होता. ज्या घरांत केर अधिक होतो तेंच घर अस्वच्छ असतें असें नाहीं. ज्या घरांतून तो वेळेवर निघत नाहीं तें अस्वच्छ होतें. तेव्हां पाहावयाचें तें केरापेक्षां केराच्या वाटेकडे.

शरीराच्या इतर भागांत ही वाट सर्वांस ठाऊक आहे. पेशींनीं टाकलेले निरुपयोगी पदार्थ कांहीं रक्तांत जातात, व कांहीं लसीका नांवाच्या पातळ द्रवांतून, लसीकावाहिन्यांच्या जाळ्यानें, पुन्हा रक्तास मिळतात. परंतु मेंदूच्या गाभ्यांत लसीकावाहिन्या नाहींत. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें २ टक्के. पण शरीरास लागणाऱ्या एकंदर शक्तीपैकीं सुमारें २० टक्के शक्ति तो एकटा खर्च करतो. ज्या मुदपाकखान्यांत एवढा स्वयंपाक चालतो, तेथें खरकटें टाकण्यास मोरी नसावी, हें चमत्कारिक नव्हे काय ?

मोरी आहे, मात्र ती निराळ्या धर्तीची आहे. मेंदू व पाठीच्या कण्यांतील रज्जु हीं दोन्हीं एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवांत तरंगत असतात. यास मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. आपण सोयीसाठीं नुसतें मेरुद्रव म्हणूं. प्रौढ मनुष्यांत एका वेळीं हा द्रव सुमारें १५० मिलिलीटर, म्हणजे लहानसा पेलाभर असतो. परंतु दिवसाकांठीं सुमारें ५०० मिलिलीटर नवा द्रव तयार होतो. म्हणजे पेला दिवसांतून तीनचार वेळां ओतून पुन्हा भरला जातो. हा द्रव डोक्यास बसणारा धक्का सोसतो, हें पूर्वींपासून माहीत होतें. तो झाडूवाल्याचेंहि काम करतो, हें मागाहून स्पष्ट झालें.

न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर विद्यापीठांत माइकेन नेडरगार्ड, जेफ्री इलिफ व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २०१२ मध्यें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जिवंत उंदराच्या मेरुद्रवांत चकाकणारा रंग सोडून तो मेंदूंत कसा शिरतो, हें त्यांनीं विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें. जुन्या गांवांतील वाड्यांची रचना डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे त्यांस काय दिसलें तें समजेल. वाड्याच्या भिंतीस लागून जसा अरुंद बोळ असतो, तशी मेंदूंत शिरणाऱ्या प्रत्येक धमनीभोंवतीं एक अरुंद पोकळी असते. या पोकळ्या नव्या नव्हेत. फिरखो यांनीं इ. स. १८५१ मध्यें व रोबॅं यांनीं इ. स. १८५९ मध्यें त्यांचें वर्णन केलें असून त्या दोघांच्या नांवांनींच त्या ओळखल्या जातात. रॉचेस्टरच्या उंदरांत मेरुद्रव या बोळांतून आंत जातांना दिसला. नाडीचा प्रत्येक ठोका त्यास पुढें रेटीत होता. बोळाची बाहेरची भिंत तारकेच्या आकाराच्या पोषक पेशींच्या पसरट पायांची बनलेली असते, आणि त्या पायांत पाणी जाण्याचीं सूक्ष्म द्वारें असतात. या द्वारांस ॲक्वापोरिन-४ असें नांव आहे. द्वारांतून पाणी पेशींमधील फटींत पाझरतें, तेथील केर उचलतें, आणि शिरांभोंवतींच्या बोळांतून बाहेर पडतें. ज्या उंदरांत हीं द्वारें जन्मतःच नव्हतीं, त्यांच्या मेंदूंतून अमिलॉइड बाहेर जाण्याचें प्रमाण सुमारें ५५ टक्क्यांनीं घटलें. या व्यवस्थेस त्यांनीं ग्लिम्फॅटिक असें नांव दिलें. पोषक पेशींचें ग्लिआ हें नांव व लसीकेचें लिम्फ हें नांव यांचा तो जोड आहे.

पुढच्याच वर्षीं त्याच प्रयोगशाळेनें जाहीर केलें कीं, उंदीर जागा असतांना पेशींमधील फटी मेंदूच्या सुमारें १४ टक्के जागा व्यापतात, तर झोंपेंत त्या सुमारें २३ टक्क्यांपर्यंत रुंदावतात. दुकानें बंद झाल्यावर रस्ता मोकळा होतो व मग झाडूवाले कामास लागतात, तसाच हा प्रकार होय. इ. स. २०१५ मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठ व फिनलंडांतील हेलसिंकी येथील शास्त्रज्ञांनीं, मेंदूवरील आवरणांत लसीकावाहिन्या असतात, हें उंदरांत निर्विवाद दाखविलें. म्हणजे बोळांतून आलेला केर पुढें कोठें जातो, त्याचाहि एक मार्ग सांपडला. दोन वर्षांनीं, इ. स. २०१७ मध्यें, माणसाच्या मेंदूवरील आवरणांतहि या वाहिन्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत चित्रांत टिपल्या गेल्या.

येथवर झाली बहुतेक उंदरांची कथा. उंदराच्या कवटीस खिडकी पाडतां येते. माणसाच्या पाडतां येत नाहीं. मग माणसाचा बोळ पाहावा कसा ? येथें एम्. आर्. आय्. हें यंत्र उपयोगी पडतें. या यंत्रानें मेंदू पाहण्याची कल्पना मुलांस सोप्या शब्दांत सांगावयाची तर अशी. पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु असतात, व त्यांचीं केंद्रें चिमुकल्या लोहचुंबकांप्रमाणें वागतात. मनुष्यास मोठ्या चुंबकाच्या पोकळींत निजविलें म्हणजे या चिमुकल्या चुंबकांस एक दिशा मिळते. रेडिओच्या लहरींनीं त्यांस क्षणभर ढळविलें कीं परत फिरतांना तीं स्वतः मंद लहरी सोडतात. आणि त्या लहरींवरून कोणत्या ठिकाणीं पाणी कशा स्थितींत आहे, याचें चित्र यंत्र रेखाटतें. पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांस या शोधाबद्दल इ. स. २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सारांश, एम्. आर्. आय्. म्हणजे मुख्यत्वें शरीरांतील पाण्याचें चित्र. आणि आपणांस शोध घ्यावयाचा तो पाण्याच्याच वाटेचा.

या शोधाच्या दोन रीती विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली नॉर्वे देशांतील ऑस्लोची. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत पेर क्रिस्टियान ऐडे व गाइर रिंगस्टाड हे डॉक्टर कंबरेच्या मणक्यांतून सुईनें मेरुद्रवांत गॅडोलिनियम धातूचें एक संयुग अल्प प्रमाणांत सोडतात. हें संयुग एम्. आर्. आय्.च्या चित्रांत उजळून दिसतें. मग तासातासांनीं, दुसऱ्या दिवशींपर्यंत, पुन्हा पुन्हा चित्रें घेऊन तो उजेड मेंदूंत कोठून शिरतो व केव्हां ओसरतो, हें पाहिलें जातें. इ. स. २०१७ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत मेंदूंतील पोकळ्यांत द्रव तुंबण्याचा रोग झालेले पंधरा रुग्ण होते. या रोगांत दाब वाढलेला नसतो, पण चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाहीं व बुद्धि मंदावते. त्यांची तुलना दुसऱ्या आठ जणांशीं केली. उजेड मोठ्या धमन्यांच्या कडेकडेनेंच मेंदूंत शिरतांना दिसला. आणि रुग्णांच्या मेंदूंतून तो ओसरण्यास अधिक वेळ लागला. माणसाच्या डोक्यांत वाट कोठें आहे व ती तुंबते म्हणजे काय होतें, याचें हें बरेंच सरळ दर्शन होय. परंतु पाठींत सुई टोंचून घेणें व दिवसभर यंत्राकडे खेपा घालणें हें प्रत्येक विसराळू वृद्धाच्या बाबतींत करतां येण्याजोगें नाहीं.

दुसरी रीत जपानांतील नागोया विद्यापीठाची. तोशिआकी ताओका व त्यांचे सहकारी यांनीं ती इ. स. २०१७ मध्यें मांडली. तींत सुई नाहीं, औषध नाहीं; केवळ यंत्रांत कांहीं मिनिटें निश्चल पडून राहावयाचें. तिचें तत्त्व मोठें चातुर्याचें आहे. संथ पाण्यांत शाईचा थेंब टाकला तर तो सर्व बाजूंस सारखा पसरतो. यास शास्त्रांत विसरण म्हणतात. (विसरणें या आपल्या नेहमींच्या शब्दाशीं त्याचा अर्थाचा कांहीं संबंध नाहीं, पण ज्यांस विसर पडतो त्यांच्या मेंदूंतील विसरण मोजावें, असा मौजेचा योग मात्र मराठींत जुळून आला आहे.) पाणी दाट वेळूच्या बनांत असेल तर तें वेळूंच्या लांबीच्या दिशेनें सहज सरकतें व आडवें जातांना अडखळतें. मेंदूंतील तंतूंच्या जुड्या म्हणजे असेंच वेळूचें बन होय. आणि कोणत्या दिशेस पाणी किती सरकतें, हें एम्. आर्. आय्.नें मोजतां येतें.

आतां मेंदूच्या पोटांतील मोठ्या पोकळ्यांच्या कडेस एक अशी जागा आहे कीं, तेथें तंतूंची एक जुडी खालून वर जाते व तिच्या शेजारची दुसरी मागून पुढें जाते. तेथील बारीक शिरा, व त्यांच्याभोंवतींचे बोळ, मात्र या दोन्ही जुड्यांस काटकोनांत, डावीउजवीकडे जातात. म्हणजे डावीउजवीकडे सरकणाऱ्या पाण्यास तंतूंचें साह्य मुळींच नाहीं. असलेंच तर बोळांचें. म्हणून नागोयाच्या शास्त्रज्ञांनीं त्या जागेंतील डावीउजवीकडील हालचाल एका बाजूस घेतली. जिला तंतूंचेंहि साह्य नाहीं व बोळांचेंहि नाहीं अशी दुसरी आडवी हालचाल दुसऱ्या बाजूस घेतली. आणि पहिलीस दुसरीनें भागलें. भागाकार १ च्या जवळ आला तर बोळांचा विशेष लाभ दिसत नाहीं. १ हून जितका अधिक, तितकी बोळांच्या दिशेनें हालचाल अधिक. या अंकास आल्प्स निर्देशांक म्हणतात. पहिल्या अभ्यासांत एकतीस व्यक्ति होत्या. स्मरण, दिशा, हिशेब इत्यादींच्या तीस गुणांच्या परीक्षेंत ज्यांस कमी गुण मिळाले, त्यांचा निर्देशांकहि सामान्यतः कमी भरला. पुढें इतर देशांतील अनेक रुग्णालयांत हीच मोजणी झाली, व निरोगी वृद्धांहून अल्झायमरच्या रुग्णांचा निर्देशांक सरासरीनें कमी असतो, असें पुष्कळ ठिकाणीं आढळलें. सौम्य बोधक्षीणता असलेल्यांची सरासरी बहुधा या दोहोंच्या मध्यें पडते.

एवढें वाचून कोणीहि म्हणेल, "मग चिरंजिवांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें; गुरुजींचा निर्देशांक काढावा, म्हणजे झालें." येथेंच थांबून विचार केला पाहिजे.

आमच्या शाळेंतलेंच उदाहरण घेऊं. समजा, गणितांत अ तुकडीची सरासरी साठ गुण व ब तुकडीची पंचावन्न गुण आली. अ तुकडी सरस, हें विधान खरें. पण एका मुलास अठ्ठावन्न गुण आहेत एवढेंच सांगून, "तो कोणत्या तुकडींतला ?" असें विचारलें, तर कोणत्या शिक्षकास खात्रीनें उत्तर देतां येईल ? दोन्ही तुकड्यांत अठ्ठावन्न गुणांचीं मुलें असणारच. निर्देशांकाची स्थिति हीच आहे. तो समूहांतील भेद दाखवितो. परंतु निरोगी व रोगी यांचे अंक एकमेकांत इतके मिसळलेले असतात कीं, एकट्या गुरुजींच्या अंकावरून त्यांचें भविष्य सांगणें म्हणजे अठ्ठावन्न गुणांवरून तुकडी ओळखण्याची बढाई मारणें होय.

दुसरी गोष्ट. हा अंक मेंदूच्या एका लहानशा भागांतला आहे, व तोहि पाण्याच्या हालचालीचा आहे, केराच्या नव्हे. वयोमानानें किंवा रक्तदाबानें त्या जागेंतील तंतूच झिजले, तरी भागाकार बदलेल. मग तो बोळाचा दोष म्हणावा कीं वेळूचा? तिसरी गोष्ट. पावसाळ्यांत गटार तुंबलेलें दिसतें, तेव्हां गाळ सांचला म्हणून पाणी अडलें, कीं पाणी अडलें म्हणून गाळ सांचला, हें एका दिवसाच्या पाहणीवरून सांगतां येत नाहीं. तसेंच निचरा मंदावल्यानें रोग होतो, कीं रोगामुळें निचरा मंदावतो, कीं दोन्ही परस्परांस वाढवितात, हें एका चित्रानें ठरत नाहीं. तींच माणसें वर्षानुवर्षें पाहावीं लागतात.

शिवाय मूळ सिद्धान्ताविषयींहि शास्त्रज्ञांत सर्वस्वीं एकमत नाहीं. इ. स. २०२४ मध्यें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील शास्त्रज्ञांनीं उंदरांवरच निराळ्या रीतीनें प्रयोग करून, झोंपेंत व गुंगींत निचरा वाढत नसून उलट घटतो, असें प्रसिद्ध केलें. रॉचेस्टरच्या पक्षानें त्यांच्या मोजणीच्या रीतीवर आक्षेप घेतले आहेत. आमच्या तरुण वाचकांनीं यामुळें गोंधळून जाऊं नये. शास्त्राचा व्यवहार असाच चालतो. जो सिद्धान्त उलटतपासणी सोसून टिकतो तोच पुढें पाठ्यपुस्तकांत येतो.

केर स्वतः पाहण्याचीहि एक निराळी रीत आहे, तिचा येथें घोटाळा होऊं नये. पेट् नांवाच्या यंत्रांत अल्पसा किरणोत्सारी पदार्थ शिरेंतून देतात. तो अमिलॉइडला चिकटतो व त्याचे सांठे चित्रांत दिसतात. पिट्सबर्ग येथें तयार झालेल्या अशा पदार्थाचा माणसांवरील पहिला अभ्यास इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. पेट् उकिरडा दाखवितें. नागोयाची रीत मोरी तपासूं पाहते. दोहोंचा मेळ घालून वर्षानुवर्षें तींच माणसें पाहिलीं, म्हणजे गाळ व पाणी यांत आधीं कोण, हें पुढें उलगडेल अशी आशा आहे. अमिलॉइड काढून टाकणाऱ्या औषधांपैकीं लेकानेमॅब या औषधास अमेरिकेंत इ. स. २०२३ मध्यें पूर्ण मान्यता मिळाली. रोगाच्या आरंभीं दिल्यास ऱ्हासाचा वेग त्यानें कांहींसा मंदावतो. पण गेलेली स्मृति परत येत नाहीं, व कित्येकांच्या मेंदूस सूज येणें किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणें, असे अपायहि होतात.

झोंपेविषयीं मात्र माणसांवर झालेले कांहीं अभ्यास विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावेत. इ. स. २०१९ मध्यें बॉस्टन विद्यापीठांत निजलेल्या माणसांचे एम्. आर्. आय्. घेतले गेले; तेव्हां झोंपेच्या विशिष्ट अवस्थेंत सुमारें वीस वीस सेकंदांनीं मेरुद्रवाच्या मोठ्या लाटा मेंदूंत येतांना दिसल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत इ. स. २०१८ मध्यें वीस निरोगी माणसांस एक रात्र जागवून पेट् चित्रें घेतलीं. हिप्पोकॅम्पसच्या व आसपासच्या भागांत अमिलॉइड सुमारें ५ टक्क्यांनीं वाढलेलें आढळलें. ऑस्लोच्या डॉक्टरांनींहि इ. स. २०२१ मध्यें दाखविलें कीं, एक संपूर्ण रात्र जागलेल्यांच्या मेंदूंतून तो उजळ पदार्थ ओसरण्यास वेळ लागतो, व दुसऱ्या रात्रीं निजल्यानें ती तूट भरून निघाली नाहीं. हे अभ्यास थोड्या माणसांवरचे आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागल्यानें म्हातारपणीं स्मृतिभ्रंश होईल, असें त्यांवरून मुळींच ठरत नाहीं. पण रात्रभर जागून पाठ केलेलें टिकेल, अशी जी आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची समजूत आहे, तिला यांत आधार नाहीं, एवढें खचित.

आतां चिरंजिवांस आमचें उत्तर. तें चित्र आज काढूं नये. काढलें तरी त्यावरून आपल्या वडिलांचें पुढचें कळणार नाहीं. कोणीं पैसे घेऊन कळेल असें म्हटलें, तर तें शास्त्राच्या पुढें धांवणें आहे. तीं चित्रें सध्यां अभ्यासकांच्या कामाचीं आहेत. शेंकडों वृद्धांचीं तीं जमवून कदाचित् एक दिवस एकाचेंहि सांगतां येईल. परंतु याचा अर्थ डॉक्टरकडे जाऊं नये असा नाहीं. "वय झालें, चालावयाचेंच" असें म्हणून स्वस्थ बसणें ही दुसरी चूक होईल. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीची मंदता, मनाची खिन्नता, कांहीं औषधांचा परिणाम, यांमुळेंहि स्मरण ढासळतें, व तीं कारणें सामान्य तपासणींत सांपडून उपचारानें दूर होण्यासारखीं असतात. वर सांगितलेला द्रव तुंबण्याचा रोगहि शस्त्रक्रियेनें कित्येकांत सुधारतो. रक्तदाब व मधुमेह आटोक्यांत ठेवणें, ऐकूं येत नसेल तर श्रवणयंत्र लावणें, रोज थोडें चालणें, चार माणसांत मिसळणें, रात्रीं पुरती झोंप घेणें, या गोष्टींस यंत्र लागत नाहीं.

आणि मुलांस एकच विनंति. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आजी-आजोबा आहेत. त्यांतील कोणी तरी आज ना उद्यां तोच प्रश्न पुन्हा विचारील. त्या वेळीं हंसूं नका, "आतांच सांगितलें ना !" असें म्हणूं नका, व परीक्षा घेतल्यासारखें "सांगा बरें, मी काय म्हणालों ?" असेंहि विचारूं नका. तुम्हांस तो प्रश्न चौथा असला, तरी त्यांस तो पहिलाच असतो. म्हणून उत्तरहि पहिल्यासारखेंच द्यावें.

असो. लेख लांबला, पण एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या दिवशीं गुरुजींच्या शेजारीं जो मुलगा बसला होता, तो हंसणाऱ्यांत नव्हता. चारहि वेळां त्यानें हातांतली बशी खालीं ठेवली, उभा राहिला, आणि "नववींत, गुरुजी," असें सांगितलें. चारहि वेळां गुरुजींनीं त्याच्या पाठीवर हात ठेवून, "छान, गणित नीट कर हो," असें म्हटलें.